नववा प्रश्न

हेडक्लार्क बाईंनी फूटपट्टी कागदावर आडवी ठेवली, एकेक ओळ करत खाली सरकवली आणि नवव्या ओळीखाली थांबवली. त्याला आधी वाटलं, कुठे सही राहिली असेल. जुने फॉर्म गोदामात पाठवायच्या आधी बाई एकदा सगळ्या बेरजा तपासत, आणि दरवर्षी त्याच्या दोन-चार सह्या राहिलेल्या सापडत. त्याने पेन उघडलंसुद्धा. मग त्याचं लक्ष फूटपट्टीच्या वरच्या कडेकडे गेलं. त्याच्याच हाताचं, उजवीकडे कललेलं अक्षर. ‘होय’. आणि शेजारच्या चौकोनात, तितक्याच निवांत वळणाचा, दोनाचा आकडा. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “साहेब, होय असेल तर इथे शून्य यायला हवं ना?” पंखा फिरत होता. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी शिक्के मारत होतं. त्याने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

फॉर्ममध्ये चौदा प्रश्न होते. समोरचा माणूस पुन्हा गुन्हा करील की नाही, याचा अंदाज त्या चौदा प्रश्नांच्या उत्तरांवरून बांधायचा आणि कोर्टाला कळवायचा, हे त्याचं गेल्या एकतीस वर्षांचं काम. पूर्वी हा अंदाज नुसता डोक्यात बांधत आणि दोन पानं लिहून देत. गेल्या दहा-बारा वर्षांत आकडे आले होते. याआधी शिक्षा झाली आहे काय, होय, दोन. वर्षभरात राहण्याची जागा बदलली काय, होय, दोन. मित्रांपैकी कुणी तुरुंगात आहे काय, होय, दोन. दारू पितो काय, कधीमधी, एक. बेरीज वीसच्या वर गेली की ‘जास्त धोका’, आणि ‘जास्त धोका’ लिहिलेल्या माणसाला देखरेखीखाली घरी सोडायला कोर्ट सहसा तयार होत नसे. चौदा प्रश्नांत नववा एकटाच उलटा होता. ‘सुटून आल्यावर घरात घेणारं, वाट पाहणारं माणूस आहे काय?’ इथे होय म्हणजे शून्य आणि नाही म्हणजे दोन. नव्याने आलेली पोरं हमखास इथे चुकत. प्रशिक्षणात तोच त्यांना सांगायचा, नवव्यापाशी आलात की पेन खाली ठेवा, एक घोट पाणी प्या आणि मग लिहा. पोरं हसायची. नववा त्याचा आवडता आहे हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. त्या एका प्रश्नासाठी तो घरोघर हिंडायचा. घरातली माणसं होय म्हणाली तरी एवढ्यावर भागत नसे. तो विचारायचा, झोपणार कुठे तो? जागा दाखवता? त्यावर जे घर चटकन उठून जागा दाखवी ते खरं, आणि जिथे माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत तिथलं होय त्याच्या लेखी नाही असायचं. यावरून त्याला पाठीमागे ‘अंथरूणसाहेब’ म्हणत. हे नाव आपल्याला माहीत आहे, हे त्याने कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. मनातून त्याला ते थोडंसं आवडायचं.

बाईंनी बेरीज पुन्हा केली. एकवीसची एकोणीस झाली. नाव वाचायची गरजच नव्हती, तो फॉर्म कुणाचा हे त्याला आकड्यावरूनच कळलं होतं. किल्लीवाल्याचा मुलगा. अकरा महिने झाले होते. दोन दुकानांची कुलुपं त्याने स्वतः कानशीने घासलेल्या किल्ल्यांनी उघडली होती, काही फोडलं-तोडलं नव्हतं, आणि दुसऱ्या दुकानात पकडला गेला तेव्हा म्हणे तो आतून कुलूप नीट बंद होतंय का ते बघत उभा होता. बाप रस्त्याच्या कडेला छत्रीखाली बसून किल्ल्या करायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत दोघं राहत. अहवालासाठी तो स्वतः चौकशीला गेला तेव्हा, जागा दाखवता का हे वाक्य पुरतं व्हायच्या आत म्हातारा उठला होता. खिडकीखाली लोखंडी खाट. गादीला ऊन दिलेलं होतं, खोलीत तापलेल्या कापसाचा वास होता, आणि उशीचा अभ्रा इतका धुतलेला की त्यावरची फुलं जाऊन नुसत्या त्यांच्या कडा उरल्या होत्या. म्हातारा म्हणाला होता, “घराची किल्ली त्याच्याकडेच आहे साहेब. घेतलेली नाही मी परत.” मग थोडं थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं, “कुलूप उघडता येतं म्हणून उघडायचंच असं नसतं, एवढं शिकवायचं राहिलं माझ्याकडून.” तो त्या खाटेवर टेकला होता. एकतीस वर्षांत इतकं उघड, इतकं निखळ होय त्याने क्वचितच पाहिलं होतं. आणि ऑफिसात परत येऊन, पेन खाली न ठेवता, पाणी न पिता, त्याने तिथे दोन लिहिले होते.

“कामाचा रगाडा असतो,” बाई म्हणाल्या, “माझंसुद्धा होतं. परवा मी घरी मीठ दोनदा घातलं.” त्यांना त्याला सावरून घ्यायचं होतं. मग आवाज आणखी खाली आणून त्यांनी विचारलं की हे गोदामात जाऊ द्यायचं का. तिथून कुणी काही काढत नाही, मे महिन्यात साहेब निवृत्त होणार, कशाला मागे लावून घ्यायचं. त्याने नुसतं विचारलं, दुरुस्ती पाठवायची झाली तर काय करावं लागतं. बाईंना सगळं पाठ होतं. कोर्टात गेलेल्या फॉर्मवर आकडा खोडून चालत नाही; घरी पुन्हा जाऊन, पुन्हा सगळं विचारून नवा फॉर्म भरायचा आणि तो पत्रासोबत कोर्टाला द्यायचा. मग ते बघतील. बघतीलही किंवा बघणारही नाहीत. शिक्षा दोन वर्षांची होती, तेरा महिने उरले होते. तेरा महिने म्हणजे किती हे तो मनात मोजू लागला आणि मोजता मोजता त्याला निकालाचा दिवस आठवला. कोर्टाच्या लांबलचक बोळात म्हातारा बाकाच्या टोकाला बसला होता, अंगात इस्त्रीचा सदरा, बोटांच्या पेरांत धातूची काळी रेघ. अहवाल आत मोठ्याने वाचला गेला होता. तो बाहेर आला तेव्हा म्हातारा उभा राहिला. रागाचा मागमूस नव्हता. डॉक्टरला विचारावं तसं त्याने विचारलं, “साहेब, काय दिसलं तुम्हांला त्याच्यात?” त्याला त्या मुलाबद्दल खरं म्हणजे काहीच आठवत नव्हतं, त्या आठवड्यातल्या सहा अहवालांपैकी तो एक होता आणि एकवीस ही बेरीज आपणच केलेली असूनही त्याने तिथे, सगळ्यांबरोबर, नव्याने ऐकली होती. तो म्हणाला होता, “आम्ही नीट बघूनच लिहितो, आजोबा.” म्हाताऱ्याने मान डोलावली होती. ते मान डोलावणं त्याला आता, बाईंच्या टेबलापाशी उभं असताना, मानेच्या मागे कुणीतरी बोट टेकवावं तसं जाणवलं.

चूक झाली, असं म्हणता आलं असतं. रगाडा होता, असंही. पण बसमध्ये खिडकीपाशी बसल्यावर, मांडीवरच्या पिशवीत कोरा फॉर्म आहे हे हाताने चाचपत असताना, त्याला ते पटेना. इतर तेरा प्रश्नांत त्याने कधी उलटसुलट केलं नव्हतं. नवव्यात तर नाहीच. दुसऱ्यांच्या चुका पकडायचा तो. मग त्याच एका घरी जाऊन आल्यावर हात असा का वळला? गादीला दिलेलं ऊन. तोच वास. आई धाकट्याच्या अंथरुणाला ऊन द्यायची ते घराच्या मागच्या जिन्यावर. धाकटा म्हणजे त्याचा भाऊ, सात वर्षांनी लहान. आधी धाकट्याच्या हातून घरातला रेडिओ गेला, मग थोरल्याचं मनगटी घड्याळ, मग तांब्याची भांडी, मग थोरल्याची परीक्षेची पुस्तकंसुद्धा, आणि दर वेळी धाकटा महिना-दोन महिने गायब व्हायचा, कधी आत जायचा, आणि आई दर संध्याकाळी त्याचं अंथरूण घालायची. घालायची आणि सकाळी न विस्कटलेलं उचलायची. तो नुकताच नोकरीला लागला होता, चोरांच्या घरी जाऊन त्यांच्या आयांना प्रश्न विचारायचा आणि घरी आला की दिवाणखान्यात त्या अंथरुणाला वळसा घालून आपल्या खोलीत जायचा. पाय लागला तर आई चादर पुन्हा ताणून घ्यायची. त्याची स्वतःची वाट आईने कधी पाहिली नाही, कारण तो रोज सहाला येतच होता. ही तक्रार हास्यास्पद होती, मोठ्या माणसाने करायची नव्हती, आणि म्हणून त्याने ती कधी कुणाजवळ केली नाही. पण वाट पाहणारं माणूस घरात असणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. वाट पाहणारी बाई आतून कशी पोखरत जाते, ताटावर बसली असताना जिन्यावर पाऊल वाजलं की तिचा घास कसा हातातच राहतो. फॉर्म म्हणतो त्याला शून्य. त्याच्या हाताने, एकदाच, एका ऊन दिलेल्या गादीवर बसून आल्यावर, त्याची खरी किंमत लिहिली असेल का? की हे सगळं तो आता रचत होता, चुकीला जरा बरे कपडे घालावेत म्हणून? त्याला ठरवता येईना. बसचा कंडक्टर दोनदा म्हणाला, “आजोबा, उतरायचं ना?” आजोबा कुणाला म्हणतोय हे कळायला त्याला वेळ लागला.

आई गेल्यावर त्याने अंथरूण देऊन टाकलं. पंधरा दिवसांत कुलूपही बदललं. घरात मुलगी लहान होती, बायको घाबरायची, आणि धाकट्याकडे जुनी किल्ली होती. त्यात चुकीचं काय होतं? कुलूप बदलायला आलेल्या माणसाने जुनं कुलूप हवंय का म्हणून विचारलं, तेव्हा तो नको म्हणाला. त्यानंतर एका रविवारी दुपारी बायको मुलीला घेऊन माहेरी गेलेली असताना, तो खुर्चीत वाचत बसलेला असताना, दारात किल्ली घातल्याचा आवाज आला. किल्ली आत गेली आणि फिरेना. पुन्हा बाहेर आली, पुसल्यासारखा एक आवाज, पुन्हा आत. धाकट्याला वाटत असणार, गंज धरला असेल. तिसऱ्या वेळी त्याने ती अगदी हलक्या हाताने फिरवून पाहिली, लहान मूल झोपलेलं असताना आपण दार उघडतो तशी. पुस्तकाचं पान धरलेला आपला अंगठा आणि त्या अंगठ्याचं पांढरं पडलेलं नख त्याला आजही दिसतं. आई गेल्याचं धाकट्याला कुणी कळवलं होतं की नव्हतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने स्वतः कळवलं नव्हतं. मग बाहेर काहीच वाजेना. बेल होती, पण धाकट्याने बेल वाजवली नाही. ती बेल वाजली असती तर आपण उठलो असतो, असं तो पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आला. जिना उतरणारी पावलं त्याने शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली. त्या दिवसानंतर धाकटा कुणालाच दिसला नाही.

तिसऱ्या मजल्यावर दार किल्लीवाल्यानेच उघडलं. अकरा महिन्यांत तो बराच वाळला होता. साहेबांना ओळखायला त्याला क्षणभर लागला, आणि ओळखल्यावर त्याने जी गोष्ट केली ती साहेबांनी एकतीस वर्षांच्या या कामात कुणाला करताना पाहिली नव्हती. म्हाताऱ्याने घाईघाईने सदऱ्याची वरची बटणं लावली. खोलीत खिडकीखाली खाट नव्हती. तिथे आता लाकडी टेबल होतं, त्यावर किल्ली घट्ट पकडायला बसवलेला शिकंजा, कानशी, आणि भिंतीवरच्या फळीला खिळ्यांवर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. छत्रीखालचं दुकान बंद झालं होतं. म्हाताऱ्याने ते जसं घडलं तसं, कुणाला दोष न देता सांगितलं. मुलाचं सगळीकडे कळल्यावर लोक किल्ली घेऊन यायचे, ती हातात तशीच धरून थोडं बोलायचे आणि नंतर येतो म्हणून जायचे. त्यांचंही बरोबरच होतं. आता दोन-तीन जुने कुलूपवाले काम घरी पाठवतात. खाट मावत नव्हती, खालच्या मजल्यावर दिली. उशीसकट. तुरुंगात भेटायला जाता का, या प्रश्नावर म्हातारा टेबलावरचा धातूचा कीस तळव्याने गोळा करू लागला. नाही गेलो. तीन पत्रं आली, ती परत केली. “तुम्ही त्या दिवशी सांगितलंत ना,” तो म्हणाला, “नीट बघूनच लिहितो म्हणून. मी घरी आलो आणि विचार केला. मी बाप, मला आंधळं प्रेम. तुम्हांला रोजचं काम. हजार पोरं बघितली असतील तुम्ही. म्हटलं, आपल्याला नाही दिसलं ते यांना दिसलं असणार.”

त्याने येताना वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही त्याला सापडेना. तो एवढंच म्हणाला, “माझी चूक झाली होती, आजोबा. बेरीज चुकली. तुमच्या उत्तराचे गुण मी उलटे लिहिले.” आणि मग, म्हातारा नुसताच बघत राहिला म्हणून, त्याने पिशवीतून कोरा फॉर्म काढून नववा प्रश्न दाखवला, होय म्हणजे शून्य, नाही म्हणजे दोन, हे एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगितलं. सांगताना त्याला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली. म्हाताऱ्याने चष्मा आणून ती ओळ वाचली. दोनदा वाचली. वाचताना त्याचे ओठ हलत होते.

“म्हणजे तो तसा नव्हता?”

“नव्हता,” तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला जाणवलं की एकोणीसमधूनही एवढं कुठे निघत होतं. एकोणीस म्हणजे मध्यम. चांगला, वाईट, तसा, असा, यातलं फॉर्मला काहीच कळत नव्हतं. पण म्हाताऱ्याला आता तो मध्यम सांगायला गेला असता तर ती आणखी एक क्रूर गोष्ट झाली असती.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी त्याला, अजून, अजून, बास, असं सांगत होता. शेवटी म्हातारा म्हणाला, “मी पाहिलेलं होतं साहेब. या डोळ्यांनी वाढताना पाहिलेलं पोर. तरी तुमचं खरं मानलं. आता तुम्हीच म्हणता, चुकलं.” त्याने चष्मा काढून हातात धरला. “मग आता मी कशाने बघू?”

त्याच्यापाशी चौदा प्रश्न होते. त्याने ते विचारले, कारण विचारल्याशिवाय काही पुढे सरकणार नव्हतं, आणि म्हाताऱ्यानेही सगळी उत्तरं दिली. जागा बदलली का, मित्र कोण, दारू होती का. नवव्यापाशी आल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. पाणी मागितलं. म्हाताऱ्याने तांब्या आणि पेला आणून दिला, आणि तो प्यायला. मग त्याने विचारलं, तो सुटून आला तर घरात घ्याल का. म्हातारा टेबलाकडे बघत राहिला, शिकंज्याकडे, जिथे पूर्वी उशी होती त्या कोपऱ्याकडे. म्हाताऱ्याने होय म्हणावं म्हणून तो मनातून त्याला अक्षरशः विनवत होता. एकच शब्द, आणि जागा दाखवा असंही आज तो म्हणणार नव्हता. म्हातारा खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. “तीन पत्रं परत केली मी,” तो म्हणाला. “तोच येणार नाही. आणि आला तर मला त्याची भीती वाटेल की माझी मलाच, ते आज कसं सांगू? नाही माहीत साहेब. खरंच नाही माहीत.”

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात सूचना होती: माहीत नसल्यास ‘नाही’ समजावे. त्याने ‘नाही’ लिहिलं. शेजारी दोन लिहिले. बेरीज केली. एकवीस. अकरा महिन्यांपूर्वीचा तोच आकडा, तसाच उजवीकडे कललेला, आणि या वेळी त्यात चूक नव्हती. एका चुकीला खरं व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा तिला मिळाला होता. त्याने कागद घडी करून पिशवीत ठेवला. म्हाताऱ्याने किती झाले म्हणून विचारलं नाही, याबद्दल त्याला फार कृतज्ञ वाटलं. दाराशी त्याने चपला शोधल्या, त्या समोरच होत्या.

तो एक मजला उतरला असेल तेव्हा वरून हाक आली. म्हातारा कठड्यावर वाकला होता. तुम्ही पोराला भेटाल का, असं त्याने विचारलं, आणि तो हो म्हणाला, परवा जाईन. म्हातारा थोडा घुटमळला. मग, शेजारपाजाऱ्यांनी ऐकू नये अशा बेताने म्हणाला, “त्याला तेवढं सांगाल? कोर्टातून आलो त्या दिवशी मी कुलूप बदललंय. त्याच्याकडे जुनी किल्ली आहे. उगाच लावत बसेल.”

वर दार लागलं. तो तिथेच पायरीवर बसला. जिन्यात धातूचा आणि धुळीचा वास होता, आणि काही वेळाने वरून एक बारीक, एकसारखा आवाज येऊ लागला, कानशीचा. कुणाची किल्ली होती, दुकानाकडून आलेलं काम होतं की दुसरं काही, हे इथून कळायला मार्ग नव्हता. त्याने पिशवीतून फॉर्म काढून मांडीवर पसरला. ‘नाही’वर एक रेघ मारली, वर ‘होय’ लिहिलं. दोनावर रेघ मारून शून्य काढलं, आणि नियमाप्रमाणे दोन्ही खोडींशेजारी सही केली. हे बरोबर होतं की आणखी एक चूक, हे विचारावं असं एकही माणूस त्याला आठवेना. माणूस वाट पाहतो हे कशावरून ओळखायचं हे एकतीस वर्षं तो अंथरुणांत शोधत होता.

कानस थांबली, पुन्हा सुरू झाली. त्याने पेनाला टोपण लावलं आणि बसून राहिला. कुलूप बदललंय, एवढं धाकट्याला सांगायला त्याने कुणालाच पाठवलं नव्हतं.